ब्लेड काहून तुटलं?

अकोल्याहून अकोटमार्गे सातपुड्याच्या दिशेनं निघालं की साठ-सत्तर किलोमीटरवर हिवरखेड येतं. तेल्हारा तालुक्यातलं मोठं गाव. अकोला-खंडवा मीटरगेजवर त्याचं स्टेशन होतं. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये ती गाडी बंद झाली. तेव्हापासून अकोल्याहून एखादी वस्तू आणायची तर एसटी, नाहीतर स्वतःची मोटरसायकल, आणि वर दिवसाचा खाडा. लोखंडी काम करणाऱ्या दुकानदाराला हा खाडा फार जाचतो. ऐन कामात कापायचं ब्लेड तुटलं, तर ते किराण्याच्या दुकानात मिळत नाही.

इथल्या वर्कशॉपचं गिऱ्हाईक शेतकरी. ट्रॅक्टरची ट्रॉली, पेरणीयंत्राची चौकट, रोटाव्हेटरचा शाफ्ट, गोठ्याचं फाटक, हेच काम. लोखंड कापायला चौदा इंची चाकाचं कटिंग मशीन ठरलेलं. ठिणग्यांचा फवारा उडतो, कान बधिर होतात, पण हात लावला की तुकडा खाली. अशा एका दुकानात लहानसा बँडसॉ, म्हणजे अखंड पट्टीची करवत, आला की काय होतं, ते पुढच्या संवादात आहे. काका पस्तीसेक वर्षं लोखंडात. पुतण्या आयटीआयचा फिटर, चाकणला नोकरी करून परतलेला. येताना जुना साडेचार इंची बँडसॉ घेऊन आला. दोघंही माझ्या कल्पनेतले आहेत. भांडणातले मुद्दे मात्र खरे आहेत, आणि त्यांतला एकही मुद्दा मला फुकटचा वाटत नाही.

काकाजी : हे पाय, गेलं तिसरं. बापू, तुह्या या मशीननं लोखंड कमी अन् ब्लेडंच जास्त खाल्ली. माह्या कटिंग मशीनचं चाक झिजते, पन दिसून झिजते. हे तं काडकन तुटते.

पुतण्या : टाकू नका काकाजी, इकडे द्या. कुठून तुटलं ते पाहू.

काकाजी : कुठून म्हंजे? तुटलं तं तुटलं. आता त्याचं पोस्टमार्टम करतं काय?

पुतण्या : तेच करायचं आहे. जोडावर सुटलं असेल तर जोडणाऱ्याचा दोष. पाठीकडून भेग आली असेल तर मागचं बेअरिंग घासतंय नाहीतर जाम झालंय. अन् दातांच्या खोबणीतून भेग निघाली असेल तर पट्टी वाकून वाकून थकली. हे बघा, खोबणीतून आहे. शेजारच्या खोबणींत भिंग लावून बघा. बारीक भेगा दिसतात? हे आज नाही तुटलं. आज फक्त तुकडा पडला.

काकाजी : म्हून तं म्या या खेपेले जाड आनलं. पहिलं पातळ होतं, ०.६५ चं. दुकानदाराले म्हटलं, ०.९ चं दे, टिकाऊ.

पुतण्या : तिथंच गोची झाली. आपल्या मशीनची चाकं केवढी? १८० मिलिमीटर. एवढ्या लहान चाकावरून पट्टी वळते तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूला ओढ बसते. पोलादाचा ताठरपणा गुणिले पट्टीची जाडी, भागिले चाकाचा व्यास, असा हिशेब आहे. ०.६५ च्या पट्टीवर दर चौरस मिलिमीटरला ७५ किलोच्या आसपास येतं. ०.९ च्या पट्टीवर शंभराच्या वर जातं. शिवाय मशीनवर चढवताना आपण जो ताण देतो, तो वेगळा. अन् हे वळणं एकदाचं नाही. १,६४० मिलिमीटरची पट्टी मिनिटाला ३० मीटर धावली तर प्रत्येक दात तासाला दोन हजारांवर वेळा वळतो अन् सरळ होतो.

काकाजी : म्हंजे जाड पट्टी आधी मरते?

पुतण्या : लहान चाकावर, हो.

इथे काकाजी थोडे गप्प होतात. आयुष्यभर त्यांनी पाहिलं ते उलटं. चॅनल जाड घेतला तर ट्रॉली टिकते, साखळी जाड घेतली तर ओझं पेलतं. नुसत्या वजनाचा प्रश्न असतो तिथे जाडी कामाला येते. तेच पोलाद दिवसभर वाकवायचं असेल तर जाडी त्याच्या मुळावर उठते. बँडसॉच्या इतिहासातही घोडं इथंच अडलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम न्यूबेरी या इंग्रजानं अखंड पट्टीच्या करवतीचं पेटंट घेतलं, पण हे वाकणं सोसेल अशी पट्टी आणि टिकेल असा जोड त्या काळी कुणाला बनवता येईना. ॲन पॉलिन क्रेपॅं नावाच्या फ्रेंच बाईनं पट्टीची टोकं जोडण्याची रीत शोधली आणि १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पॅरिसच्या पेरिन कंपनीनं ते हक्क विकत घेतले, तेव्हा कुठे हे यंत्र लाकडाच्या कारखान्यांत रुळलं. धातूसाठी ते सर्रास वापरात यायला १९३० चं दशक उजाडलं. आज आपण वापरतो त्या बायमेटल ब्लेडची पाठ स्प्रिंग स्टीलची असते आणि दातांच्या टोकांपुरतं हायस्पीड स्टील तिला वेल्ड केलेलं असतं. एम-४२ म्हणून जी जात मिळते तिच्यात ८ टक्के कोबाल्ट असतं. दात कडक, पाठ लवचीक. अशी पट्टी काडकन तुटते तेव्हा दुकानदाराला शिव्या घालण्याआधी आपली चाकं मोजावीत हे उत्तम.

काकाजी : बरं, पातळ आनू. पन ताणाचं काय? मी टिचकी मारून पायतो. टन् वाजली की झालं.

पुतण्या : टिचकी चुकीची नाही. पण तुमचा कान सकाळी वेगळा अन् दिवसभर ग्राइंडर चालवल्यावर वेगळा. माझ्याजवळ व्हर्नियर आहे. पट्टी नुसती ढिलाई निघेपर्यंत आवळायची. मग सरळ भागावर व्हर्नियर १५० मिलिमीटर उघडून दोन लहान क्लॅम्पनी पट्टीलाच धरायचा, सरकता जबडा मोकळा ठेवून. आता चाक आवळत जा. पट्टी ताणते तसा आकडा वाढतो. ०.१४-०.१५ वाढला की दर चौरस मिलिमीटरला वीस किलो ताण बसला.

काकाजी : लय झाला ना तो. वीस किलो म्हन्तो, पन सगळ्या पट्टीवर किती होतात?

पुतण्या : १३ बाय ०.६५ ची पट्टी. एका पदराला पावणेदोनशे किलोच्या आसपास, चाकावर दोन पदर. साडेतीन क्विंटल धरा.

काकाजी : साडेतीन क्विंटल! अन् ही फ्रेम बिडाची. आरं, चाकाची बुशिंग जाईन, फ्रेम तडकन. तुह्या चाकणच्या मशीनची गोष्ट इथी नको सांगू.

हा काकाजींचा नेम बरोबर बसला आहे. ब्लेडच्या कंपन्या जे ताणाचे आकडे देतात ते भक्कम मशीन गृहीत धरून. हलक्या बिडाच्या मशीनवर पट्टी ताण घेईल, पण मशीन घेणार नाही. पुतण्याला ते पटलं आणि त्यानं ०.१० वर थांबायचं कबूल केलं. त्या बदल्यात दाब कमी ठेवायचा आणि कट थोडा हळू होऊ द्यायचा. शिवाय रोज दुकान बंद करताना ताणाचं चाक तीन-चार फेरे सैल करायचं. रात्रभर ताणलेली पट्टी चाकाचा आकार धरते आणि चाकावरच्या बेअरिंगवर विनाकारण ओझं राहतं. यावर दोघांचं भांडण नव्हतंच. काकाजी खाचरावरचे दोर रात्री सैल करणाऱ्या पिढीतले आहेत.

पट्टी चाकावर नीट धावते की नाही हे पाहणं त्या मानानं सोपं. पाठ चाकाच्या कडेजवळ धावावी, पण कडेला घासू नये. मागच्या चाकाच्या कलाचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचे, दर वेळी हातानं चाक फिरवून पट्टी कुठे जाते ते पाहायचं, आणि हे करताना मशीनची वायर सॉकेटमधून काढून ठेवायची. कडेशी कागदाची पट्टी सरकवली आणि ती चिरली न जाता बाहेर आली तर ठीक.

नवं पातळ ब्लेड चढल्यावर खरी जुंपली ती गुण्यावरून.

काकाजी : गुण्या-बिण्या राहू दे. काल म्या ५० च्या राउंड बारची चकती कापली. चारी बाजूनं तुहाच व्हर्नियर लावला. सारखी. म्हंजे कट सीधा हाय.

पुतण्या : चकती सारखी येणारच, काकाजी. पहिला कट जेवढा तिरपा, दुसराही तेवढाच तिरपा. दोन्ही तिरपे कट एकमेकांना समांतरच राहणार. आता बारच्या डोक्यावर खडूनं खूण करा, बार अर्धा फिरवून खूण खाली न्या, अन् मग चकती कापा.

काकाजींनी कापली. एका कडेला ६.१, समोरच्या कडेला ७.३.

पुतण्या : १.२ चा फरक. हा दुप्पट होऊन दिसतो, म्हणजे खरी चूक ५० मध्ये ०.६. वर-खाली फरक आला आहे, म्हणून दोष गाइडच्या बेअरिंगचा; पट्टी उभी नाही, कललेली आहे. डाव्या-उजव्या बाजूला आला असता तर शिकंजाचा जबडा काटकोनात नाही असं समजलो असतो.

काकाजी : अन् ०.६ साठी दुकान बंद ठेवायचं? एवढी फट तं रॉड भरून जाते.

पुतण्या : १०० च्या चॅनलवर तीच फट १.२ होते. फटीत तुम्ही धातू भरता, तो थंड होताना आकसतो, अन् जिकडे फट मोठी तिकडे फ्रेम ओढली जाते. मग तुम्ही कर्ण मोजता, साखळी लावता, घण मारता. मागच्या ट्रॉलीला अख्खी दुपार गेली. तो वेळ तुम्ही वेल्डिंगच्या खात्यात लिहिता. तो कटिंगच्या खात्यातला आहे.

काकाजी : ...बरं, कुठलं बेअरिंग?

दोन्ही गाइडवर पट्टीला दोन बाजूंनी धरणारी बेअरिंगं असतात आणि पाठीमागे एक. पुढच्यांतलं एक बेअरिंग तिरकस बोल्टवर बसवलेलं असतं. बोल्ट फिरवला की ते पट्टीजवळ येतं किंवा दूर जातं. मशीन बंद ठेवून, पट्टी ताणलेली असताना, दोन्ही बेअरिंगं पट्टीला जेमतेम टेकवायची. बोटानं फिरवली तर किंचित अडून फिरली पाहिजेत. मग फ्रेम खाली आणून गुण्या टेबलावर उभा करायचा आणि त्याचं पातं पट्टीच्या सपाट अंगाला लावायचं, दातांना नाही. दात आळीपाळीनं डावीउजवीकडे वाकवलेले असतात, त्यांना गुण्या लागला तर खोटं माप येतं. प्रकाशाची फट वर दिसते की खाली, त्याप्रमाणे पूर्ण गाइड हलवायचं. मग गुण्या आडवा ठेवून शिकंजाचा जबडा पट्टीशी काटकोनात आणायचा. शेवटचं म्हणजे, गाइडचे हात मालाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणायचे. २५ चा पाईप कापताना गाइड १०० वर उघडे ठेवणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तेच लोक ब्लेड थरथरतं म्हणून तक्रार करतात.

कट तिरपा पण सपाट असेल तर दोष मापात. कटाला पोट आलं असेल, म्हणजे मधेच वळला असेल, तर ताण कमी, दाब जास्त किंवा दात बोथट. ही ओळख पुतण्यानं काकाजींना दिली.

काकाजी : अन् सगळं मापात असून एकाच अंगाले वळते तवा?

पुतण्या : तेव्हा एका बाजूचे दात मेले असतात. शिकंजाला घासलं असेल. पट्टी धारदार बाजूकडे पळते.

काकाजी : मंग ऐक. पट्टी चालू करायची, जिकडे वळते त्या अंगानं तेलाचा दगड अलगद, नुसता टेकवायचा. तिकडची धारही थोडी मरते. पट्टी पुन्हा सीधी चालते. म्या मोठ्या आरा मशीनवर केलं हाय हे.

पुतण्या : धार मारून सरळ करायचं?

काकाजी : गिऱ्हाईक दारात असन तं हो. दोन दिवस तं निघतात.

पुतण्यानं चाकणला हे शिकलेलं नसावं. पण युक्ती जुनी आणि खरी आहे. दगड हातात घट्ट हवा आणि हातमोजा नको, कारण धावत्या पट्टीत मोजा अडकला तर बोटं ओढली जातात.

दातांच्या प्रश्नावर काकाजी हरले, आणि बरेच हरले. दुकानात एकच ब्लेड होतं, इंचाला सहा दातांचं, आणि त्याच ब्लेडनं ते २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप कापत होते. इंचाला सहा म्हणजे दोन दातांत चार मिलिमीटरहून जास्त अंतर. उभ्या भिंतीत एका वेळी एकही दात धड बसत नाही. भिंत दोन दातांमध्ये शिरते आणि पुढचा दात तिच्यावर आपटतो. निदान तीन दात एका वेळी लोखंडात हवेत हा साधा नियम. पाईपला इंचाला १०/१४ दातांचं, भरीव बारला ६/१० किंवा त्याहून मोठ्या दातांचं. मालही कसा धरला याला महत्त्व. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल एक पाय उभा करून धरला तर ब्लेडला आधी सहा मिलिमीटर मिळतात आणि शेवटी एकदम पन्नास. तोच छपरासारखा, कणा वर करून धरला तर दोन्ही पायांत सुरुवातीपासून शेवटापर्यंत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. ब्लेडला सारखं काम मिळतं.

काकाजी : नवीन ब्लेड लावलं की पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त कापते. तवाच काम करून घ्यावं का नाही?

पुतण्या : तेव्हाच नाही. नव्या दाताची धार वस्तऱ्यासारखी बारीक असते, जोरात दाबलं की टोकं मोडतात. वेग तोच ठेवायचा, पण दाब निम्म्याहून कमी. तीनेकशे चौरस सेंटिमीटर होईपर्यंत. आपल्या ७५ च्या चौकोनी एक्सलचे पाच-सहा कट. मग नेहमीसारखं.

काकाजी : अन् दाब किती, हे कसं मोजतं?

पुतण्या : भंगारवाल्याकडे हुकाचा स्प्रिंगकाटा असतो ना? फ्रेमच्या टोकाला लावून उचला. आपल्या मशीनला चार-पाच किलो ठीक. अन् त्याहून चांगलं माप म्हणजे कीस. चंदेरी, गुंडाळलेला, हाताला कोमट लागला तर बरोबर. भुकटी पडली तर दात घासतोय, कापत नाही. दाब वाढवा नाहीतर ब्लेड गेलं. निळा-काळा पडला तर दाब नाहीतर वेग जास्त.

काकाजी : हे मले कळते. हे चाकणले शिकायची गरज नाई.

कीस साफ करणारा तारेचा ब्रश मात्र काकाजींनी काढून ठेवला होता, उगाच घासतो म्हणून. खोबणीत अडकलेला कीस पट्टीबरोबर फिरून परत कटात येतो आणि दातांवर दात मोडतात. ब्रशची टोकं खोबणीच्या तळापर्यंत पोचली पाहिजेत, पण पट्टीच्या अंगावर दाबलेली नकोत. ब्रश पुन्हा बसला.

पाण्याची गोष्ट खास वऱ्हाडातली. हिवरखेडहून दक्षिणेला पूर्णा नदीकडे जावं तसा खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे, आणि तिथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, जमिनीलाही सोसवत नाही. सोल्युबल ऑईललाही सोसवत नाही. हे तेल पाण्यात मिसळून पांढरं होतं, पण पाण्यात क्षार जास्त असले की दुधासारखं फाटतं. वर तेलाचा तवंग, खाली खारं पाणी. ते पाणी कटावर पडतं, थंडावा देतं, वंगण देत नाही, आणि रात्रीतून मशीनच्या टेबलावर गंज चढतो. पुतण्यानं पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवायचं सुचवलं, एरवी आरओचं. दहा भाग पाणी, एक भाग ऑईल, आणि ऑईल पाण्यात ओतायचं, पाणी ऑईलमध्ये नाही. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालतानाही बोअरचं पाणी नको. बीड कापताना मात्र पाणी बंद. बीड कोरडंच कापतात.

काकाजी : आता माहं ऐक. मिरगाचा पानी पडला, वावरात वाफसा आला, अन् माणूस तुटका शाफ्ट खांद्यावर घेऊन दारात उभा. त्याले सांगू काय, थांब बापा, पुतण्या चकती कापून मोजते? वाफसा गेला तं तुह्या व्हर्नियरनं परत येते काय?

पुतण्या : नाही येत. म्हणून हे सगळं मे महिन्यात करायचं. गाइड अन् शिकंजा एकदा मापात बसवले की हंगामभर हात लावायचा नाही. नवं ब्लेड चढवलं की फक्त ताण, चाल अन् एक चकती.

काकाजी : अन् लाईन गेली तं? ब्लेड कटात फसते. लाईन आली की मशीन धाडकन चालू, दात गेले. तुह्या चाकणले लाईन जात नसन.

पुतण्या : ...ते खरं आहे. आपल्या मशीनला साधा स्विच आहे. डीओएल स्टार्टर लावू. लाईन गेली की तो पडतो, आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही.

काकाजी : विहिरीच्या मोटरवर असते थोच ना? पन त्याले ऑटो नको जोडू. मोटर आपोआप चालू झालेली बरी, करवत नाई. अन् लाईन आल्यावर आधी फ्रेम वर उचलायची.

याच ओघात काकाजींनी आणखी एक डाव जिंकला. पुतण्याच्या भिंतीवर वेगाचा तक्ता होता: अमुक स्टीलला मिनिटाला अमुक मीटर. पण हिवरखेडच्या दुकानात येणाऱ्या मालावर नाव लिहिलेलं नसतं. जुना शाफ्ट, भंगारातली पट्टी, ट्रकच्या पाट्याचा तुकडा. काकाजी तुकडा ग्राइंडरला टेकवतात आणि ठिणग्या पाहतात. लांब, पिवळसर, कमी फुटणारी ठिणगी म्हणजे साधं एमएस. टोकाला फुलबाजीसारखी फुटणारी, म्हणजे कार्बन जास्त, ब्लेडचा वेग कमी करा. आखूड आणि तांबडी म्हणजे बीड. पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं, ते बँडसॉखाली घालायचंच नाही. त्याला जुनं कटिंग मशीनच बरं. काकाजींनी ठिणगी पाहून माल ओळखल्याशिवाय पुतण्याचा तक्ता वापरताच येत नाही. मला या अख्ख्या भांडणातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

कटिंग मशीन त्यामुळे दुकानातून गेलं नाही. फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत, शेजारच्या घरी कापसाचे ढीग लागलेले असताना, ठिणग्या उडवणारं काम बंद ठेवायचं ठरलं. लोखंड वाचतं म्हणून बँडसॉ घ्यावा, असं विक्रेते सांगतात. चाकाचा काप तीन मिलिमीटर आणि ब्लेडचा साधारण निम्मा. ट्रॉलीमागे होणारी ही बचत मला किरकोळ वाटते. खरा फायदा असा की एक्सल कापायला लागणारी आठ-दहा मिनिटं कारागिराचे हात मोकळे राहतात.

काकाजी : अन् हे तुटलेलं? चांदीचा डाग देऊन जोडतो. दोन्ही टोकं घासून उतार करायचा, पाच-सहा मिलिमीटर एकावर एक, क्लॅम्पमध्ये पाठ सीधी धरायची अन् डाग. थंड झाल्यावर घासून जाडी बरोबर करायची.

पुतण्या : तुमचा डाग धरेल, काकाजी. पण भिंगातून पाहिलं ना? या पट्टीच्या प्रत्येक खोबणीत भेग आहे. उद्या डागाच्या शेजारी तुटेल. माल हलल्यामुळे, नाहीतर शिकंजा सुटून तुटलेलं नवं ब्लेड असेल तर खुशाल जोडा.

काकाजी : म्हंजे थकून मेलं तं फेकायचं, अपघातानं मेलं तं जोडायचं.

पुतण्या : हो. अन् नवं ब्लेड जुन्या अर्ध्या कटात घालायचं नाही. जुन्या दातांचा काप अरुंद, नवे दात त्यात आवळतात. बार फिरवून दुसऱ्या बाजूनं सुरू करायचं.

काकाजींचं म्हणणं, की ब्लेड ही खपायची वस्तू आहे आणि दुकानदारानं तिच्या पायी गिऱ्हाईक सोडू नये, मला मान्य आहे. पुतण्याचं म्हणणं, की ब्लेड अवेळी मरतं ते बहुतेक वेळा मशीनच्या मापामुळे, हेही मान्य आहे. आणि दोघांत मी थोडा पुतण्याकडे झुकतो, कारण वाकडा कट ज्या दिवशी होतो त्या दिवशी त्याचा खर्च दिसत नाही. वऱ्हाडातल्या वर्कशॉपवाल्यांना एवढंच सांगणं आहे : तुटलेलं ब्लेड भंगारात टाकण्याआधी भेग कुठून निघाली ते भिंगातून पाहा, आणि अकोल्याला नवं आणायला जाताना लांबी, रुंदी, जाडी आणि इंचाला दात हे चारही आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. दुकानदाराला नुसतं ‘जाड द्या’ म्हणू नका.